कवड्याशेजारी मण्यार

सर कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे बघायचे, मग माणसांकडे. भिंतीवरची तसबीर जराशी जरी तिरकी असली तरी समोरचा चहा निवून जायचा. शेवटी उठायचे, दोन बोटांनी तसबिरीचा कोपरा वर सारायचे, लांब जाऊन बघायचे आणि म्हणायचे, "हं. आता बोला."

आमच्याकडे अमरावतीला पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्या सासऱ्यांची तसबीर सरळ केली आणि मला विचारलं, "हे कोन?"

"मामंजी."

"खाली नाव नाही."

"घरातल्या सगळ्यांना माहीत आहे की."

"आज आहे," सर म्हणाले. "तुमच्या नातवाच्या पोराले इचारून पाहा."

ते गेल्यावर मी यजमानांना म्हटलं, माणूस जरा सटकलेला दिसतो. यजमान म्हणाले, "तुझ्या मंडळात शोभतो."

मंडळ म्हणजे आम्ही दहाबारा निवृत्त रिकामटेकडे. आपल्या दोन जिल्ह्यांतली गावं, नद्या, पिकं, जनावरं यांचा एक कोश आम्ही नेटवर लिहीत होतो. विकी. कोणीही पान उघडावं, कोणीही त्यात लिहावं, चुकलं तर तिसऱ्यानं दुरुस्त करावं. महिन्यातल्या एका रविवारी अकोल्याच्या जुन्या शहरात, सरांच्या घराच्या वरच्या खोलीत जमायचो. मी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याहून जायची, मांडीवर मुलानं घेऊन दिलेला सतरा इंची लॅपटॉप मिरवत. डब्यातल्या लोकांनी विचारावं म्हणून तो उघडून बसायची. कोणी विचारत नसे.

त्या वेळची मी म्हणजे काय नग होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून नुकतीच घरी बसलेली. केसांना मेंदी, चष्म्याला साखळी. वयानं अठ्ठावन्न आणि अकलेनं अठरा. सौंदर्यदृष्टी या दोन जिल्ह्यांत मलाच दिली आहे आणि बाकीच्यांना नुसते डोळे दिलेत, अशी माझी पक्की समजूत. आज ती बाई समोर आली तर मी तिला बाकावर उभी करीन.

आणि सर नववी शिकलेले. वकील, प्राध्यापक, तहसीलदार राहिलेले लोक त्यांना सर म्हणायचे, कारण पान लावावं ते त्यांनीच. एका दैनिकात ते पेस्टर होते. वर्तमानपत्राचं पान हातानं जुळवायचे तो काळ: मजकुराच्या लांब पट्ट्या यायच्या, त्या कापायच्या, मोठ्या कागदावर चिकटवायच्या आणि फोटोसाठी चौकट मोकळी सोडायची. कॉम्प्युटर आला आणि ते काम गेलं. सरांची फुटपट्टी मात्र गेली नाही. स्टीलची, एका टोकाला बोटांनी गुळगुळीत झालेली, कायम सदऱ्याच्या खिशातून डोकं वर काढून. कॉम्प्युटरच्या पडद्याला पट्टी लावून मोजणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

विकीच्या पानावर चित्र टाकलं की ते तरंगतं. उजवीकडे जा म्हटलं तर उजव्या कडेला जाऊन बसतं आणि मजकूर त्याच्या अंगावरून वाहत खाली येतो. हे सरांनी मला पहिल्याच रविवारी जेवणाच्या ताटात समजावून दिलं.

"हा पापड उजवीकडं ठेवला," सर म्हणाले. "आता वरन वाढा. वरन त्याच्या बाजूनं गेलं का नाही? तसा मजकूर. आता दुसरा पापड द्या. याले जागा कुठं आहे? पयल्याच्या खाली. पन तिथं वरन संपलं मॅडम, तिथं भाजी आहे. पापड वरनाचा, जाऊन बसला भाजीपाशी. वाचनाऱ्याले काय वाटंन? हा पापड भाजीचा."

"आधी जेवा," काकू म्हणाल्या. सरांच्या बायकोनं हे ताट आयुष्यभर पाहिलं असावं.

"म्हनून धुरा पाहिजे," सर म्हणाले आणि भात-वरणाचा एक बांध ताटात आडवा ओढला. दोन वावरांच्या मधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. विकीत एक छोटी खूण असते. ती टाकली की वरचं चित्र संपल्याशिवाय खालचा मजकूर सुरूच होत नाही. पुस्तकात तिला काय म्हणतात देव जाणे, आमच्या मंडळात ती धुराच. "चित्र म्हंजे गोऱ्हा आहे. दावं नसलं, धुरा नसला, तर तो दुसऱ्याच्या वावरात शिरनारच. मंग भांडन गोऱ्ह्याशी करता का?"

मी माझ्या पानावर अकरा चित्रं टाकली होती. ती पाहून सरांनी पाणी मागितलं.

त्यांचा दुसरा धडा भीतीचा. पान तयार झालं की सर हात धुऊन यायचे. बियाण्यांच्या कंपनीची एक कापडी पिशवी होती, तिच्यातून एक जुना फोन, एक काच तडकलेला फोन आणि एक टॅब काढायचे आणि तेच पान तिन्हीवर उघडायचे. मग ज्यानं पान लिहिलं त्याला विचारायचे, "भेव वाटून राहिलं का?"

"नाही," असं उत्तर आलं की, "मंग थांबा. अजून नीट पायलं नाही तुमी."

पोटात गोळा आल्याशिवाय पान लोकांपुढे ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. वकीलसाहेब तर खोटाच गोळा आणायला शिकले होते. मला हे हास्यास्पद वाटे. मी म्हणे, "सर, कागद आहे की बॉम्ब?" सर पुन्हा पहिला फोन उचलत. तीन यंत्रांवर समाधान झालं नाही तर अकोल्याच्या स्टँडवर जायचे आणि अकोटच्या गाडीची वाट पाहणाऱ्या अनोळखी लोकांना म्हणायचे, "जरा तुमचा मोबाईल दाखवता का, हे पान कसं दिसते पाहू द्या." एकदा एका बाईच्या दिरानं त्यांची कॉलर धरली. सरांनी खिशातली पट्टी काढून दाखवली. पट्टी पाहून दीर आणखी भडकला. कंडक्टर ओळखीचा होता म्हणून वाचले.

"मॅडम, तुमी जराशा भेत जा," असं मला ते नेहमी म्हणायचे. आणि मी कोणाला भिणारी? बत्तीस वर्षं मुलं मला भ्यायली होती.

त्या पावसाळ्यात सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पंधरा दिवस कोणताही पडदा बघायचा नाही म्हणून बजावलं. आणि नेमकं तेव्हाच माझं साप-पान तयार झालं.

आपल्या भागात घरात निघणारे साप. कल्पना चांगलीच होती. लोक साप दिसला की आधी काठी शोधतात. त्याऐवजी आधी पान बघतील. वर एक मोठी चौकट, तिच्यात दवाखान्यात नेण्याआधी काय करायचं ते. मग एकेक साप: धामण, कवड्या, मण्यार, नाग, घोणस. कवड्या आणि मण्यार मुद्दाम लागोपाठ घेतले, कारण घोटाळा होतो तो यांचाच. कवड्या तपकिरी, अंगावर पिवळट पट्टे, मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे विरत गेलेले. बिनविषारी. मण्यार काळा, चकचकीत, पांढरे पट्टे मानेपाशी पुसट आणि शेपटीकडे ठळक. त्याच्या विषावर वेळेत उपचार झाला नाही तर माणूस जातो, आणि दंश असा बारीक की कधी कधी कळतही नाही. हे सगळं मी स्वच्छ अक्षरात, बरोबर लिहिलं होतं. आजही त्यातला एक शब्द बदलावा लागणार नाही.

पण चित्रं. प्रत्येक चित्र आपापल्या सापाच्या मजकुरात बांधायचं असतं, हे सरांनी शंभरदा सांगितलेलं. तसं केलं की पान मला ओबडधोबड दिसे. एक चित्र इथे, एक तिथे. मला हवी होती उजव्या कडेला एकसारखी देखणी उतरंड. म्हणून मी पाचही चित्रं एकाखाली एक, पानाच्या सुरुवातीलाच टाकली आणि डाव्या बाजूच्या मजकुरात रिकाम्या ओळी घालत गेले. एक ओळ, अजून एक ओळ, अजून अर्धी, असं करत माझ्या सतरा इंची पडद्यावर प्रत्येक साप आपल्या नावाशेजारी आणून बसवला. धुरा एकही नाही. चित्रांखालची नावंही काढून टाकली. नाव तर शेजारी मथळ्यात आहेच, पुन्हा खाली बारकी अक्षरं कशाला? मजकूर सरांना फोनवर वाचून दाखवला होताच; चित्रांसाठी झाकलेल्या डोळ्याच्या माणसाला त्रास द्यायचा नाही, अशी माझ्याच मनाची समजूत घातली आणि पान नेटवर टाकलं. भेव वाटलं का? छे. मी चहा केला.

नऊ दिवसांनी आमचा रविवार होता. सर काळा चष्मा घालून कोपऱ्यात बसलेले. साडेदहाच्या सुमारास माझा फोन वाजला. आमच्या नणंदबाई, अकोटच्या पलीकडच्या खेड्यातून. यजमानांची धाकटी बहीण, पन्नाशीची, सगळी शेती हिच्या डोक्यानं चाललेली. मी फोन मुद्दाम स्पीकरवर टाकला, म्हणजे माझ्या पानाची कीर्ती खेड्यापर्यंत गेली हे मंडळालाही ऐकू यावं.

"वहिनी, साप निंगाला ना वो आमच्या इथं. गव्हाच्या कोठीमागं बसला. सुनेच्या टॅबवर तुमचं पान उघडलं. कवड्याच्या बाजूले जो फोटू हाये, हुबेहूब तोच."

"पट्टे आहेत?"

"हायेत ना. काया कुळकुळीत अन् पांढरे पट्टे."

"फोटोशी जुळतो ना?"

"म्हनून तर म्हनून राहिली."

"मग झालं तर. कवड्या बिनविषारी. मारू नका त्याला. सुपात घ्या आणि गोठ्यामागे सोडून द्या."

"चावनार तर नाही?"

"चावला तरी मुंगीएवढं. एवढ्या शेतात वावरता बाई आणि घाबरता काय."

फोन ठेवला. वकीलसाहेब वा म्हणाले. मी चष्म्याची साखळी सारखी केली.

कोपऱ्यातून सरांचा आवाज आला. "काया कुळकुळीत म्हनल्या त्या?"

"हो."

"कवड्या तपकिरी असते ना, मॅडम? तुमीच मले फोनवर वाचून दाखवलं."

मी काहीतरी बोलणार होते, अंधारात तपकिरी काळा दिसतो वगैरे. तोवर सरांनी काळा चष्मा काढून खाली ठेवला होता, पिशवीतून टॅब बाहेर काढला होता. टॅबचा पडदा माझ्या लॅपटॉपच्या निम्मा. अरुंद पडद्यावर मजकूर लांबतो, हे मला माहीत होतं; माहीत असणं आणि डोक्यात असणं वेगळं. धामणीचा मजकूर लांबून लांबून खाली गेला होता आणि त्याच्याच शेजारी दोन चित्रं येऊन बसली होती, धामण आणि कवड्या. मग मथळा: कवड्या, बिनविषारी. त्याच्या उजव्या हाताला, सुबक, नावाशिवाय, काळा चकचकीत मण्यार.

सरांनी टॅब माझ्याकडे वळवला.  

मी फोन लावला. नणंदबाईंच्या फोनवर रिंगऐवजी आरती लागायची. आरती पूर्ण झाली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा आरती. त्या आरतीचं दुसरं कडवं आजही कुठे कानावर पडलं तर मी हातातलं काम टाकून फोन शोधते. सहाव्या की सातव्या वेळी माझं लक्ष गेलं तर सर टॅबवर वाकून एका बोटानं काहीतरी करत होते. ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"काय करताय तुम्ही?"

"पान."

"खड्ड्यात गेलं ते पान. तिकडे माझी नणंद साप उचलतेय."

"तुमी फोन लावा," सर मान वर न करता म्हणाले. "तिकडं एक नणंद आहे. हे पान उघडून आता किती नणंदा सूप शोधून राहिल्या, मले मालूम नाही. तुमाले मालूम आहे का?"

मला माहीत नव्हतं. नऊ दिवस मी ते पान दिसेल त्याला पाठवत होते.

सरांनी चित्रं एकेक करून आपापल्या सापाशी नेली, खाली नावं लिहिली, मधे धुरे घातले. मग तिन्ही यंत्रांवर पाहिलं. मी त्या वेळात आरती ऐकत होते.

अखेर नणंदेच्या यजमानांनी फोन उचलला. "सोडला ना साप. गोठ्यामागं. तुमच्या नणंदेनंच सुपात घेतला, म्या फोटू काढला."

सरांनी फोन माझ्या हातातून घेतला. "दादा, फोटू पाहून सांगा. पट्टे मानेपाशी जास्त का शेपटाकडं?"

पलीकडे त्यांनी फोटो उघडला. मग, "शेपटाकडं."

"बाईले कुठं लागलं, टोचलं?"

"बोटाले सुपाची काडी लागली म्हने ते. एक टिपका रक्त आलं."

"गाडी काढा," सर म्हणाले. "त्याइले चालू देऊ नका, हात हालवू देऊ नका. सरळ अकोल्याले आना."

दवाखान्याच्या फाटकाशी मी आणि सर पाऊण तास उभे होतो. त्या पाऊण तासात मी यजमानांना काय सांगायचं याची सात वाक्यं तयार केली. प्रत्येक वाक्य "मला वाटलं" नं सुरू होत होतं.

गाडीतून उतरताना नणंदबाई चिडलेल्या होत्या. मुगाच्या मळणीचा माणूस बोलावलेला, घरी पाहुणे. डॉक्टरांनी बोट बघितलं, फोटो बघितला. म्हणाले, काडी असू शकते, दात असू शकतो. मण्यारचा दात सांगता येत नाही. आत्ता काहीच लक्षण नाही. उद्या सकाळपर्यंत इथे ठेवू. पापण्या जड व्हायला लागल्या, गिळायला त्रास झाला, बोलणं अडखळलं, तर लगेच हाक मारा.

पापण्या. आम्ही पापण्यांकडे बघत बसलो.

नणंदबाई रोज पहाटे चारला उठणाऱ्या. जेवण झालं की दुपारी झोपणाऱ्या. दीड वाजला आणि त्यांचे डोळे मिटायला लागले.

"बाई, झोपू नका," मी म्हटलं. 

"माई रोजची येळ आहे वो वहिनी."

"डोळे उघडे ठेवा."

"तुमी म्हना तर साप उचला, तुमी म्हना तर डोये उघडा. तुमचं ऐकूनच इथं आली मी."

मी बाहेर व्हरांड्यात गेले, भिंतीला टेकले आणि परत आले. बघते तर सर खाटेजवळ स्टुलावर बसलेले आणि स्टीलची पट्टी नणंदबाईंच्या डोळ्यासमोर उभी धरलेली.

"समोर पाहा. हालू नका. पापण्यांच्या मधात दहा मिलिमीटर," सर म्हणाले आणि तळहातावर पेननं लिहिलं.

"हे कोन आहेत?" नणंदबाईंनी मला विचारलं.

"आमचे सर."

"डोयाचे डाक्टर?"

"नाही. पेपरात होते."

नर्स आली, म्हणाली, आजोबा, ती पट्टी बाजूला ठेवा, पेशंटच्या डोळ्यात जाईल. सरांनी पट्टी खिशात ठेवली. ती गेल्यावर पुन्हा काढली. दर अर्ध्या तासानं. दहा. दहा. दहा. एकदा नऊ आले तेव्हा मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की नखात लाकडाची कुसळं गेली. सरांनी स्वतःचा चांगला डोळा पुसला, पट्टी पुन्हा धरली. "उजेड डोयावर येत होता. त्याइनं डोये बारीक केले. दहा." चार वाजता तीच नर्स दारातून डोकावून म्हणाली, "आजोबा, आता किती?"

मधल्या एका अर्ध्या तासात सरांनी मला ती गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती. मला वाटतं, मला खुर्चीवर बसवून ठेवायला सांगितली असावी.

पेपरात असताना एकदा दोन फोटो आले. एक चांदूर रेल्वेच्या माणसाचा, कसलं तरी बक्षीस मिळाल्याचा. दुसरा एका मेलेल्या माणसाचा, शोकबातमीत टाकायचा. दोघंही मिशीवाले. फोटोंच्या मागे नाव लिहायची पद्धत, पण त्या दिवशी घाई होती. सरांनी चिकटवले. सकाळी चांदूर रेल्वेच्या त्या माणसाच्या आईनं पेपर उघडला, तर शोकाच्या चौकटीत आपला मुलगा. मुलगा रात्रपाळीला गेलेला, घरी यायचा होता.

"तो अर्ध्या तासात आला घरी," सर म्हणाले. "धडधाकट. पन तो अर्धा तास तिच्यातून गेला नाही. पुढं रोज सकाळी तो झोपला असला का त्याच्या तोंडावरून हात फिरवून पाहे. मी माफी मागाले गेलो होतो. मंग दर साली जात राहिलो. चहा पाजे मले. अन् दर खेपेले इचारे, आज माह्या पोराचा फोटू कुठं लावला रे बाबू?"

"मग तुम्ही काय म्हणायचे?"

"काय म्हननार? पट्टी काढून दाखवो." मग घड्याळ पाहून म्हणाले, "चला, वेळ झाली," आणि स्टूल पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नणंदबाईंना उठून चालायला लावलं, बोलायला लावलं, पाणी प्यायला दिलं आणि म्हणाले, काडीच होती. जा घरी. सरांच्या तळहातावर मनगटापर्यंत दहाच दहा लिहिलेले होते.   मी तिथेच बाकावर बसले आणि मला हुंदका आवरेना. नणंदबाई गाडीत बसताना म्हणाल्या, "रडू नका वो वहिनी. असं करा, तुमच्या त्या पानावर माहा फोटू टाका. खाली नाव लिहा. अन् कंसात बिनविषारी."

पुढे त्यांनी हे वाक्य घराण्यातल्या प्रत्येक लग्नात सांगितलं.

मला वाटलं, संपलं. सरांचं संपलं नव्हतं. त्या पावसाळ्यात ते रोज सकाळी चार पेपरांतल्या आतल्या पानांवरच्या बारीक बातम्या वाचत आणि सर्पदंशाची बातमी असली की कापून ठेवत. काकूंनी मला हे पुष्कळ उशिरा सांगितलं. "गाव पाहते, वय पाहते, अन् गुमसुम बसून राहते दिवसभर. काहून म्हनलं तर बोलत नाही." कोणत्या घरात टॅब होता आणि कोणत्या नाही, हे बातमीत थोडंच येतं? पान माझं आणि पोटातला गोळा त्यांचा. मी तेव्हापासून तेच पेपर वाचायला लागले. आम्ही दोघं याविषयी एकमेकांशी कधीच बोललो नाही.

विकीच्या पानाला इतिहास असतो. कोणी काय लिहिलं, कधी बदललं, सगळ्या जुन्या प्रती नावानिशी जपलेल्या असतात. माझं ते नऊ दिवसांचं पानही तिथे आहे, माझ्या नावासकट. मी सरांना म्हटलं, ती प्रत कायमची झाकून टाकता येते, आपल्या मंडळातल्या कोणाला सांगू या. सर म्हणाले, "राहू द्या. उघडून पाहत जा कधी कधी."

सर गेले त्याला आता काही वर्षं झाली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्यांचा फोटो आला. मी आमच्या गल्लीतल्या तीन घरांत जाऊन त्या पेपरच्या तीन प्रती पाहून आले. सगळ्या प्रती सारख्याच छापतात, हे म्हातारीला कोणी सांगायचं? फोटो त्यांचाच होता, चौकट त्यांचीच होती, खाली नाव होतं. दहाव्याला काकूंनी मला पट्टी दिली.

दर मृगाच्या आसपास मी ती जुनी प्रत टॅबवर उघडते. नवं पान लिहायला घेण्याआधी तर उघडतेच. कवड्याशेजारी मण्यार दिसतो, पोटात गोळा येतो, मग हात धुते आणि कामाला लागते. यंदा माझा टॅब बिघडला होता, म्हणून नातीच्या नव्या मोठ्या पडद्यावर उघडली. नात कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला मी सगळी गोष्ट सांगितली होती, नणंदबाईंच्या कंसासकट.

पान उघडलं. धामणीशेजारी धामण. कवड्याशेजारी कवड्या. मण्यारशेजारी मण्यार. एकसारखी, देखणी उतरंड, जशी मी त्या दिवशी लावली होती.

नात म्हणाली, "आजी, यात चूक कुठंय?"

 चित्र सुंदर दिसत होतं. मी अठ्ठावन्न वर्षांची असते तर चहा करायला उठले असते.

"पडद्यावरच्या खिडकीची कड धर," मी तिला म्हटलं, "आणि हळूहळू आत ओढ." आणि पट्टी काढली.

तिनं कड ओढायला घेतली. पान अरुंद होऊ लागलं, मजकूर लांबू लागला, आणि काळा मण्यार एकेक ओळ वर, कवड्याच्या नावाकडे सरकू लागला.